कठीण अभ्यासाची महाविद्यालये चेंडू घेऊन का धावतात?

ह्यूस्टनजवळ राहणाऱ्या एका वडिलांचा प्रश्न आहे. त्यांचा मुलगा अकरावीत असून शाळेच्या संघातून अमेरिकन फुटबॉल खेळतो. जागा लेफ्ट गार्डची, म्हणजे आघाडीच्या फळीतली, उंची सहा फूट एक इंच, वजन २३५ पौंड. कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्रात तो वर्गातल्या पहिल्या पाचांत असतो. त्याच्या शाळेचा संघ ‘व्हीअर’ पद्धतीने खेळतो, म्हणजे चेंडू फेकण्यापेक्षा घेऊन धावण्यावर त्याचा सारा भर असतो. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स या सैनिकी अकादमी आणि डेव्हिडसन, राइस ही प्रवेशाला अवघड असलेली नावे याच पद्धतीच्या संदर्भात पुन्हा पुन्हा ऐकू येतात, तेव्हा हा योगायोग आहे की ही पद्धत हुशार मुलांसाठीच आहे, असे वडिलांनी विचारले आहे. अशा ठिकाणी खेळत राहून इंजिनिअरिंगचा अभ्यास झेपेल का, हा त्याला जोडलेला दुसरा प्रश्न. आणि मला वाटते, घरात खरी चर्चा चालू असेल ती याचीच.

मी टेक्सासमधल्या एका सरकारी हायस्कुलात गेली एकवीस वर्षे गणित शिकवतो आणि शाळेच्या संघाच्या ऑफेन्सिव्ह लाइनला, म्हणजे चेंडू आपल्याकडे असताना समोरच्यांना अडवणाऱ्या आघाडीच्या फळीला, प्रशिक्षण देतो. सांगलीत वाढलेल्या माणसाच्या गळ्यात हे दुसरे काम कसे पडले, ती कथा वेगळी आहे. माझ्या हाताखालून गेलेली काही मुले सैनिकी अकादमींत आणि काही इतर निवडक महाविद्यालयांत खेळली, म्हणून दोन्ही बाजू थोड्या जवळून पाहिल्या आहेत. पहिल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की हा योगायोग नाही, परंतु कारण हुशारीही नाही. कारण टंचाई आहे: मोठ्या शरीराच्या मुलांची टंचाई, वेगवान मुलांची टंचाई आणि सरावाच्या तासांची टंचाई.

आधी ही पद्धत नेमके काय करते ते पाहू, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावरच उभा आहे. व्हीअर हा ‘ऑप्शन’ पद्धतीचाच एक प्रकार. तिच्या ‘ट्रिपल ऑप्शन’ या रूपातली सर्वांत ओळखीची खेळी घ्या. फळीच्या मधल्या सेंटरकडून चेंडू हातात येताच क्वार्टरबॅक, म्हणजे खेळी चालवणारा खेळाडू, तो आपल्या मागून धावत येणाऱ्या फुलबॅकच्या पोटाशी नेतो आणि दोघेही क्षणभर चेंडूला धरून एकत्र सरकतात. त्या वेळी क्वार्टरबॅकची नजर चेंडूवर नसते; समोरच्या फळीतल्या ज्या एका खेळाडूला आपल्यापैकी कोणीही अडवलेले नाही, त्याच्यावर ती असते. हा खेळाडू बहुधा डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे बचावफळीच्या टोकाचा खेळाडू असतो. आपला टॅकल, म्हणजे आपल्या फळीत गार्डच्या बाहेरच्या बाजूचा खेळाडू, त्याच्या अंगाला हातही न लावता त्याला सोडून देतो आणि सरळ आतल्या लाइनबॅकरवर, म्हणजे बचावफळीच्या मागे उभ्या खेळाडूवर जातो. एंड जर फुलबॅकवर झेपावला, तर क्वार्टरबॅक चेंडू काढून घेऊन बाहेरच्या अंगाला पळतो. एंड जागेवर थांबला, तर चेंडू फुलबॅककडेच राहतो. बाहेर पडलेल्या क्वार्टरबॅकसमोर असाच मोकळा सोडलेला दुसरा बचावपटू येतो. तो क्वार्टरबॅकवर आला, तर चेंडू शेजारून धावणाऱ्या स्लॉटबॅककडे टाकायचा. तो स्लॉटबॅककडे गेला, तर क्वार्टरबॅकने स्वतः आत घुसायचे.

ज्यांनी लहानपणी खो-खो खेळला आहे, त्यांना हे चटकन उमगेल. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की त्याला मागे वळता येत नाही, म्हणून पळणारा तो दिशा घेईपर्यंत थांबतो आणि मग उलटीकडे जातो. ऑप्शनमध्ये क्वार्टरबॅक हेच करतो. समोरचा काय करील याचा अंदाज तो बांधत नाही. समोरच्याने केल्यावर त्याच्या उलट करतो.

आता यातला हिशेब पाहा. प्रतिस्पर्ध्याच्या अकरांपैकी दोघांना अडवण्याची गरजच उरली नाही, आणि कोणत्या दोघांना मोकळे सोडायचे हे बऱ्याच अंशी आपण ठरवतो. समोरचा एंड २८० पौंडांचा आणि आपल्या कोणत्याही टॅकलपेक्षा सरस असेल, तर त्याला अडवण्याचा हट्टच धरायचा नाही. तो कितीही बलवान असला तरी एका वेळी एकाच माणसाला पकडू शकतो, आणि तो ज्याला पकडायला जाईल त्याच्याकडे चेंडू नसेल. ज्या संघाला आपल्यापेक्षा तगड्या संघांशी खेळणे भाग आहे, त्याच्यासाठी याहून सोयीची युक्ती मला माहीत नाही.

तगड्या संघांशी खेळणे का भाग पडते, ते प्रवेशाच्या अटींत दिसते. वेस्ट पॉइंट, म्हणजे आर्मीची अकादमी, इथे इतिहास हा मुख्य विषय घेणाऱ्या कॅडेटलाही गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि अभियांत्रिकीचे विषय चुकत नाहीत. पदवी चार वर्षांत पूर्ण करायची असते. इतर विद्यापीठांत खेळाडूला एक वर्ष बाहेर बसवून पाचव्या वर्षी खेळवण्याची जी सर्रास पद्धत आहे, ती इथे साधारणपणे चालत नाही. पदवीनंतर किमान पाच वर्षे सक्रिय लष्करी सेवा करावी लागते. लष्कराचे वजनाचे आणि तंदुरुस्तीचे निकष पुढे लागू होणारच असल्यामुळे ३२० पौंडांचा टॅकल वाढवणे हेही तिथे अडचणीचे असते. जॉर्जिया टेकची गोष्ट वेगळी, पण परिणाम तोच: तिथे कोणताही मुख्य विषय घेतला तरी कॅल्क्युलस करावेच लागते, आणि या एका अटीने कित्येक चांगले खेळाडू अर्ज करण्याआधीच गळतात. ज्या मुलांच्या मागे पन्नास विद्यापीठे लागलेली असतात, त्यांच्यापैकी फार थोडी या चाळण्यांतून पार होतात आणि पार होऊनही इथे यायला तयार होतात. मग उरलेल्या मुलांना घेऊन, चाळणी न लावणाऱ्या संघांसमोर उभे राहायचे असते.

ही कारणमीमांसा बरोबर आहे की नाही, हे तपासायला आयव्ही लीग, म्हणजे अमेरिकेतल्या आठ जुन्या नामांकित विद्यापीठांची लीग, फार उपयोगी पडते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्याइतकी कडक निवड क्वचितच कुठे असेल, तरीही आयव्हीची ओळख ऑप्शनशी जोडलेली नाही. तिथे चेंडू फेकणारे संघ आहेत, धावणारे आहेत, दोन्ही करणारे आहेत. कारण ते मुख्यतः एकमेकांशी खेळतात. खेळासाठी शिष्यवृत्ती कोणीच देत नाही, आणि खेळाडूंच्या गुणांचा ‘अकॅडमिक इंडेक्स’ हा सर्वांना लागू असलेला हिशेब आहे. चाळणी सर्वांना सारखीच असल्यामुळे ती कोणाच्याच तोट्याची ठरत नाही. हुशारी हे जर खरे कारण असते, तर ऑप्शनचे माहेर आयव्ही लीग असते. ऑप्शन दिसतो तो चाळणी लावणाऱ्याला चाळणी न लावणाऱ्याशी लढावे लागते तिथे.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. ही पद्धत दुबळ्यांनी शोधलेली नाही. मिझुरीच्या डॉन फॉरट यांनी १९४१ साली ऑप्शनला पहिले नेटके रूप दिले. साठीच्या दशकाच्या मध्यावर ह्यूस्टन विद्यापीठाच्या बिल योमन यांनी व्हीअर आणली, म्हणजे आपला मुलगा जी खेळतो ती पद्धत त्याच्या घरापासून फार दूर जन्मलेली नाही. आणि १९६८ साली टेक्सास विद्यापीठात एमरी बेलर्ड यांनी ‘विशबोन’ ही ऑप्शनचीच आणखी एक रचना बसवली. त्या पद्धतीने टेक्सासने १९६९ चे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तेव्हा त्यांच्याकडे देशातले उत्तमोत्तम खेळाडू होते. पुढे ओक्लाहोमा आणि नेब्रास्का यांनीही ऑप्शनवरच साम्राज्ये उभी केली. मग व्यावसायिक फुटबॉल पासिंगकडे, म्हणजे चेंडू फेकण्याकडे झुकला, चांगल्या खेळाडूंना व्यावसायिक संघांना उपयोगी पडणारे शिकायचे होते, आणि मोठ्यांनी ऑप्शन टाकून दिला. त्यांनी तो टाकला म्हणूनच तो लहानांच्या कामाचा झाला, कारण आता तो दुर्मीळ होता. वर्षभर पासिंगविरुद्ध सराव केलेल्या संघाला ऑप्शनची तयारी करायला जेमतेम एक आठवडा मिळतो, आणि त्या आठवड्यात सरावासाठी समोर उभ्या केलेल्या राखीव मुलांना ऑप्शन कसा खेळतात हेच ठाऊक नसते. ज्यांना तो रोज दिसतो त्यांच्यापुढे त्याची जादू ओसरते. आर्मी आणि नेव्ही यांचे आपसातले कमी गुणांचे निकाल पाहा: २०१७ मध्ये १४–१३, २०१८ मध्ये १७–१०, २०२० मध्ये १५–०, २०२१ मध्ये १७–१३.

आता वेळेचा मुद्दा, जो गणिताचा शिक्षक म्हणून मला सर्वांत आवडतो. चेंडू फेकला आणि तो कोणी झेलला नाही, तर घड्याळ थांबते. मैदानाच्या आत धावत राहिले, तर घड्याळ चालू राहते. चार प्रयत्नांत दहा यार्ड जायचे असतात. दर प्रयत्नाला तीन-साडेतीन यार्ड खात्रीने मिळत असतील आणि चौथ्या प्रयत्नालाही लाथ मारून चेंडू परत न देता धावायची तयारी असेल, तर चेंडू आपल्याकडेच राहतो. २००४ च्या एमराल्ड बोल या हंगामानंतरच्या सामन्यात नेव्हीने न्यू मेक्सिकोविरुद्ध एकच ड्राइव्ह, म्हणजे चेंडू न गमावता केलेली सलग चढाई, २६ खेळ्या आणि १४ मिनिटे २६ सेकंद चालवली. ९४ यार्ड गेल्यावर हाती तीनच गुण लागले, पण जवळजवळ एक अख्खा क्वार्टर, म्हणजे सामन्याचा पाव भाग, प्रतिस्पर्ध्याचा क्वार्टरबॅक बाकावर बसून होता. २२ सप्टेंबर २०१८ रोजी आर्मीने ओक्लाहोमाच्या मैदानावर साठापैकी जवळपास ४५ मिनिटे चेंडू स्वतःकडे ठेवला. त्या वर्षीची सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूची हाइझमन ट्रॉफी पुढे ज्याला मिळाली, तो कायलर मरे समोर होता. ओक्लाहोमा जिंकले, पण जादा वेळेत, २८–२१.

वेळ खाल्ल्याने नेमके काय होते? दोन्ही संघांना चेंडू कमी वेळा मिळतो, आणि प्रयत्न कमी झाले की दुबळ्याची संधी वाढते. समजा, दर डावात दुबळ्याची जिंकण्याची शक्यता ४० टक्के आहे. एकच डाव खेळला, तर त्याला ४० टक्के संधी आहे. तीनांपैकी दोन जिंकायचे असतील, तर ती ३५ टक्क्यांवर येते. सातांपैकी चार जिंकायचे म्हटले, तर २९ टक्क्यांवर. डाव वाढत गेले की बलवानाचे बळ दिसू लागते. म्हणून दुबळ्याने सामना आखूड करावा. संभाव्यता शिकवताना मी हेच उदाहरण देतो आणि मागच्या बाकावरची फुटबॉलची मुले त्या दिवशी जागी असतात.

यात अलीकडची सर्वांत बोलकी घटना व्हँडरबिल्टची. साउथईस्टर्न कॉन्फरन्स या तगड्या संघांच्या लीगमधले हे निवडक विद्यापीठ वर्षानुवर्षे शेजाऱ्यांच्या हातून मार खात आले होते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांनी अव्वल मानांकित अलाबामाला ४०–३५ ने हरवले आणि त्यांच्याकडे चेंडू ४२ मिनिटांहून अधिक वेळ होता. त्यांचा खेळ जुन्या अर्थाने ट्रिपल ऑप्शन नव्हता. क्वार्टरबॅक मागे उभा राहून चेंडू घेत होता, फेकतही होता, पण बचावपटूला वाचून चेंडू देण्याचा धागा तोच होता. विद्यार्थ्यांनी गोलपोस्ट उखडून कंबरलँड नदीत नेऊन टाकला, हे मी माझ्या लाइनच्या मुलांना दाखवले नाही. त्यांना कल्पना सुचायला वेळ लागत नाही.

हुशारीचा मुद्दा मी वर झटकला, त्याचे कारण अनुभव आहे. सकाळी पावणेसातला, ऊन चढायच्या आत, आम्ही जिमच्या सावलीत एकच कवायत करतो. मी हातात पॅड धरून एंडच्या जागी उभा राहतो. सेंटर चेंडू देतो. क्वार्टरबॅक तो फुलबॅकच्या पोटाशी नेतो. मी कधी आत झेपावतो, कधी जागेवर बसतो. रोज साठ वेळा, दोन्ही बाजूंना. काही वर्षांपूर्वीचा एक क्वार्टरबॅक माझ्या कॅल्क्युलसच्या वर्गात पहिला होता, आणि या कवायतीत मात्र सतत उशीर करत होता, कारण तो माझ्या डोळ्यांकडे बघून मी काय करीन ते ताडत असे. डोळे फसवतात. शेवटी मी त्याला सांगितले की माझ्या जवळच्या खांद्याकडे बघ आणि तो वळला की वळ, विचार करू नकोस. पंधरा दिवसांनी त्याचा हात आपोआप चालू लागला. या पद्धतीला लागते ती कंटाळवाणी गोष्ट पुन्हा पुन्हा, दर वेळी तितक्याच काळजीने करण्याची सवय. ती सवय अभ्यासू मुलांत अधिक आढळते, इतके मी मान्य करीन. पण तिच्यासाठी मोठी बुद्धी लागत नाही.

सवयीला लागतात वर्षे, आणि इथे कठीण अभ्यासाच्या संस्थांना खरा फायदा होतो, ज्याची चर्चा फारशी होत नाही. अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये आता खेळाडू सर्रास एका विद्यापीठातून दुसऱ्यात जातात. अकादमींत मात्र तिसरे वर्ष सुरू होताना कॅडेट सेवेला बांधला जातो, आणि त्यानंतर सोडून जाणे सोपे राहत नाही. बाहेरून तयार खेळाडू आणणेही जवळजवळ अशक्य असते. म्हणजे चौथ्या वर्षाचा गार्ड आणि त्याच्या शेजारचा टॅकल हे बहुधा तीन-चार वर्षे खांद्याला खांदा लावून एकच पाऊल टाकत आलेले असतात. २०१५ पर्यंत नेव्हीकडून खेळलेल्या कीनन रेनॉल्ड्सच्या नावावर कारकिर्दीत धावून काढलेले ८८ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेणे) आहेत, आणि २०१९ मध्ये नेव्हीच्याच माल्कम पेरीने क्वार्टरबॅक असून एका हंगामात २,०१७ यार्ड धाव घेतली. दोघांच्याही पुढे अशीच मुरलेली लाइन होती.

राइस आणि डेव्हिडसनचा उल्लेख आपण केला आहे, म्हणून त्यांच्याविषयी दोन वाक्ये. नॉर्थ कॅरोलिनातले डेव्हिडसन खेळासाठी फुटबॉल-शिष्यवृत्ती देत नाही; २०१८ मध्ये स्कॉट ॲबेल यांनी तिथे ऑप्शन आणला आणि पहिल्याच वर्षी गिलफर्डविरुद्धच्या ९१–६१ अशा अजब सामन्यात संघ ७८९ यार्ड धावला. तेच ॲबेल २०२४ च्या अखेरीस राइसचे प्रशिक्षक झाले. राइसला मात्र हे नवे नाही: एअर फोर्स अकादमीच्या संघाला आधी प्रशिक्षण दिलेले केन हॅटफिल्ड १९९४ ते २००५ तिथे प्रशिक्षक होते आणि त्यांनी पहिल्याच वर्षी टेक्सासला १९–१७ ने हरवले, जे राइसला १९६५ नंतर जमले नव्हते.

स्टॅनफर्ड हे या चित्रात न बसणारे उदाहरण आहे, आणि आपल्या मुलासाठी ते महत्त्वाचे आहे. प्रशिक्षक जिम हार्बॉ २००७ मध्ये आले तेव्हा आदल्या वर्षी संघ १२ पैकी ११ सामने हरला होता. २०१० मध्ये त्याच संघाने १३ पैकी १२ जिंकले, आणि पुढे डेव्हिड शॉ यांच्या काळात २०१२, २०१३ आणि २०१५ मध्ये कॉन्फरन्सचे विजेतेपद मिळवले. तेही चेंडू घेऊन धावतच होते, पण कोणालाही मोकळे न सोडता, उलट लाइनमध्ये एक-दोन जास्तीची धिप्पाड मुले उभी करून. यामागचा हिशेब मला असा दिसतो की गुणवत्ता यादीत बसणारा वेगवान कॉर्नरबॅक (कडेचा बचावपटू) सापडणे दुर्मीळ असले, तरी गुणवत्ता यादीत बसणारा ३०० पौंडांचा टॅकल अख्ख्या देशात शोधला तर सापडतो, आणि स्टॅनफर्डच्या नावाला अख्खा देश शोधता येतो. पुढे खेळाडूंची अदलाबदल सुरू झाली, प्रवेशाच्या अटींमुळे स्टॅनफर्डला बाहेरून मुले घेणे जड गेले, आणि २०२१ व २०२२ या दोन्ही वर्षी संघाला बारापैकी तीनच सामने जिंकता आले.

ऑप्शनचे तोटेही सांगायला हवेत. दोन टचडाउनने मागे पडलात, की वेळ खाणारी पद्धत आपल्याच मुळावर येते. चेंडू झेलणारे चांगले खेळाडू अशा संघाकडे फिरकत नाहीत. पद्धत सोडायची म्हटली, तर संघ नव्याने उभारावा लागतो: जॉर्जिया टेकने प्रशिक्षक पॉल जॉन्सन यांच्यानंतर ऑप्शन सोडला आणि २०१९ ते २०२१ या तिन्ही हंगामांत त्यांना तीन-तीनच विजय मिळाले. नियमांनीही घाव घातला. लहान चणीच्या लाइनमनचे मुख्य हत्यार म्हणजे समोरच्याच्या कमरेखाली झेपावून त्याला पाडणे. २०२२ पासून हे टॅकलांच्या मधल्या ठरावीक चौकटीबाहेर करण्यास बंदी आली. गुडघे वाचवण्यासाठी ते योग्यच होते असे माझे मत आहे, पण ऑप्शनच्या बाहेरच्या खेळ्या त्यामुळे लंगड्या झाल्या. आर्मीने २०२३ मध्ये पद्धत बदलून पाहिली, २०२४ मध्ये जुन्या-नव्याचा मेळ घालून परत आली आणि १४ पैकी १२ सामने जिंकली. क्वार्टरबॅक ब्रायसन डेली याने त्या हंगामात धावून ३२ टचडाउन केले.

आता अभ्यास. हंगामात आठवड्याला खेळासाठी वीस तास ही एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संघटनेची मर्यादा कागदावर आहे. प्रवास, दुखापतीवरचे उपचार, ‘ऐच्छिक’ म्हणून पाहिलेल्या सामन्यांच्या फिल्म या तिच्याबाहेर राहतात. चेंडू धावून नेला की फेकून, याने या तासांत काडीचाही फरक पडत नाही. पद्धतीमुळे अभ्यास हलका होतो, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. खेळ्यांची यादी आटोपशीर असते हे खरे, पण वाचलेला वेळ प्रशिक्षक पुनरावृत्तीत घालतात. मीही तेच करतो.

इंजिनिअरिंगच्या मुलाचे घोडे अडते ते तासांच्या बेरजेवर नव्हे, वेळापत्रकावर. प्रयोगशाळेचे तास दुपारी दोन ते पाच आणि सरावही तेव्हाच, असे झाले की काहीतरी एक सुटते. माझा एक विद्यार्थी मोठ्या उमेदीने एका नावाजलेल्या विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला गेला. दुसऱ्या वर्षी त्याच्या सल्लागाराने प्रयोगशाळेच्या तासांशी टक्कर नको म्हणून मुख्य विषय बदलायला सुचवले. त्याने बदलला, आणि आजही त्याविषयी बोलताना त्याचा आवाज खाली जातो. सैनिकी अकादमींत ही टक्कर कमी होते, कारण तिथे प्रत्येकाने कोणता ना कोणता खेळ खेळायचा असतो आणि दिवसाची आखणीच तशी असते; मात्र बुधवारी सकाळी रसायनशास्त्राचा पेपर आणि शनिवारी सामना, तोही गणवेशाची इस्त्री सांभाळून, हे आमच्या एका मुलाने मला फोनवर सांगितलेले वास्तव आहे. एमआयटीत संध्याकाळी ५ ते ७ हा वेळ पदवीच्या वर्गांपासून मोकळा ठेवतात. विल्यम्स, ॲमहर्स्ट यांच्या लीगमध्ये हंगाम नऊच सामन्यांचा असतो. इंजिनिअरिंग करूनही खेळायचे असेल, तर विद्यापीठाच्या नावापेक्षा अशा बारीक गोष्टी अधिक उपयोगाच्या.

डोक्याला लागणाऱ्या धक्क्यांचा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण मुलाच्या आईच्या मनात तो असणारच. लाइनमन प्रत्येक खेळीत समोरच्यावर आदळतो, आणि धावण्याच्या पद्धतीत तो पुढे झेपावून आदळतो. आयव्ही लीगमधल्या डार्टमथने प्रशिक्षक बडी टीव्हेन्स यांच्या काळात २०१० पासून सरावात एकमेकांना पाडणे बंद केले आणि पुढे त्यासाठी चालता-फिरता यांत्रिक पुतळा वापरला. आयव्ही लीगने २०१६ मध्ये हंगामातल्या सरावात पूर्ण जोराने पाडण्यावर बंदी घातली. भेटीला जाल तेथे आठवड्यातून किती दिवस पूर्ण जोराचा सराव होतो, हे अवश्य विचारा. स्पष्ट आकडा न सांगणाऱ्या प्रशिक्षकाविषयी मी सावध राहीन.

आपल्या मुलापुरते सांगायचे, तर २३५ पौंडांचा चपळ गार्ड स्टॅनफर्डसारख्या संघाला लहान पडेल; त्याला साठेक पौंड वाढवावे लागतील, आणि मला ती सूचना करावीशी वाटत नाही. ऑप्शन खेळणाऱ्या संघांना आणि आयव्ही किंवा ‘डिव्हिजन थ्री’ या खालच्या स्पर्धा-गटातल्या महाविद्यालयांना तो आहे त्या बांध्याच्या जवळपास चालू शकतो. अकादमींचा विचार असेल, तर एक गोष्ट आजच तपासा: तिथे अमेरिकेचे नागरिकत्व अनिवार्य आहे, ग्रीन कार्ड पुरत नाही, आणि काँग्रेस-सदस्याचे किंवा तत्सम नामांकन लागते, ज्याचा अर्ज फुटबॉलच्या प्रशिक्षकाकडे नव्हे, तर त्या सदस्याच्या कार्यालयात करायचा असतो. आपल्या लोकांत मुलगा तयार आणि कागद अर्धवट, असे मी दोनदा पाहिले आहे. शिवाय पाच वर्षांच्या सेवेचा निर्णय मुलाने स्वतः घ्यायचा आहे. शिक्षण फुकट होते म्हणून आई-वडिलांनी त्याच्या वतीने घेण्याचा तो निर्णय नव्हे.

भेटीला गेलात की प्रशिक्षकांच्या खोलीत कमी आणि लाइनच्या मुलांबरोबर जेवणाच्या टेबलावर जास्त बसा. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या लाइनमनपैकी इंजिनिअरिंगमध्ये किती आहेत, आणि पहिल्या वर्षी किती होते, हे दोन आकडे त्यांनाच विचारा. आयव्ही लीगचे प्रशिक्षक बारावी सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात, १ जुलैनंतर, गुणपत्रिका प्रवेश कार्यालयाकडे प्राथमिक मतासाठी पाठवू शकतात. तेव्हा अकरावीचे गुण आणि एसएटीचा निकाल त्या तारखेआधी हातात असू द्या. सोबतच्या फिल्ममध्ये समोरच्याला आडवे केलेल्या खेळ्या सगळेच घालतात. त्याच्या फिल्ममध्ये सुरुवातीला अशा पाच-सहा खेळ्या असाव्यात, ज्यांत तो समोरच्याला सोडून बरोबर लाइनबॅकरपर्यंत पोचला आहे; ऑप्शनचा प्रशिक्षक पहिल्यांदा त्याच्या पायांकडे बघेल.